31 डिसेंबरचं टेबल बुक करताय? आमचे 65,589 रुपये 50 पैसे कसे गेले ते आधी वाचा

डिसेंबर लागला की पोस्टरं फिरायला लागतात. क्लबचा खरा लोगो, डीजेचं खरं नाव आणि तळाला 'टेबल बुकिंगसाठी संपर्क' म्हणून एक मोबाईल नंबर. तो नंबर क्लबचा असेलच असं नाही. मूळ पोस्टर क्लबच्या पानावरून उचलायचं, खालची पट्टी कापायची आणि तिथे स्वतःचा नंबर टाकायचा, हे दोन मिनिटांचं काम आहे. मुंबईत एका क्लबची अशी पाच-सहा पोस्टरं, पाच-सहा वेगळ्या नंबरांनिशी, एकाच वेळी फिरत असतात.

आमचं प्रकरण 31 डिसेंबर 2024 चं. लोअर परळच्या एका मिल कंपाउंडमधला क्लब. आठ जण, पाच पुरुष, तीन बायका. ठरलेला भाव 72,000 रुपये, म्हणजे माणशी 9,000, आणि तेही 'फुल कव्हर'. दिलेले सगळे पैसे आत खाण्यापिण्यात वळते होणार. निम्मे, म्हणजे 36,000, 18 डिसेंबरला दिले. उरलेले 36,000 दिले 30 तारखेला संध्याकाळी.

आम्ही पहिल्यांदाच क्लबात चाललो होतो असं कुणी समजू नये. याच प्रमोटरकडून, म्हणजे क्लबसाठी गिऱ्हाईक आणणाऱ्या माणसाकडून, आधी दोनदा शनिवारची टेबलं घेतली होती आणि दोन्ही वेळा टेबल मिळालं होतं. मुद्दाम सांगतोय, कारण 'नंबर माहितीचा होता का?' असं विचारणाऱ्यांना वाटतं की ओळखीचा माणूस म्हणजे सुरक्षित. साध्या शनिवारी प्रमोटर फसवत नाही. क्लब त्याला आणलेल्या माणसामागे पैसे देतो, त्यामुळे वर्षभर सरळ वागण्यातच त्याचा फायदा असतो. 31 डिसेंबरला गणित उलटतं. मागणी एवढी असते की एका रात्रीत महिन्यांची कमाई सुटते, आणि जानेवारीत नंबर बदलला की झालं.

आता त्यानं केलं काय ते बघा. क्लब नोव्हेंबरातच स्वस्तातले उभ्याचे पास, म्हणजे टेबलाशिवाय नुसत्या प्रवेशाचे, विकायला काढतो. आमच्या क्लबचा तसा पास 2,500 चा होता, त्यातले 1,500 कुपनाच्या रूपात परत. त्यानं आमच्या आठ जणांच्या नावानं असे आठ पास घेतले. खर्च 20,000. आमच्याकडून घेतले 72,000. मधले 52,000 त्याच्या खिशात. यातली खरी मेख अशी की गेटवरच्या यादीत आमची नावं होती, क्यूआर स्कॅन झाला, हिरवा दिवा लागला. आम्ही आत गेलो. आणि आत गेलेल्या माणसाला 'मला फसवलं' हे कुणालाही पटवून देता येत नाही. नुसता पैसे घेऊन पळाला असता तर सरळ गुन्हा झाला असता. त्यानं काहीतरी दिलं, आणि दिलेल्या त्या थोडक्या वस्तूच्या आड तो आजतागायत लपलाय.

30 तारखेची संध्याकाळ, 7 वाजून 42 मिनिटं. तो क्षण मी विसरू शकत नाही. फोन आला: "दादा, तुमच्या टेबलावर तीन ग्रुप वेटिंगला आहेत. आठच्या आत बाकीचे टाका, नाहीतर मॅनेजर सोडून देतोय." मी क्यूआर स्कॅन केला, 36,000 टाकले आणि पिन दाबण्याआधी पडद्यावर नाव आलं. क्लबचं नाही, क्लब चालवणाऱ्या कंपनीचं नाही, प्रमोटरचंही नाही. एका मोबाईल ॲक्सेसरीजच्या दुकानाचं. कव्हर, चार्जर, इयरफोन विकणारं दुकान माझ्याकडून नववर्षाच्या टेबलाचे पैसे कशाला घेईल? हे नाव मी वाचलं. वाचून विचारलंसुद्धा. तो म्हणाला, "क्लबचं करंट अकाउंट लिमिटला आलंय दादा, हे आपल्याच माणसाचं." आणि मी पिन दाबला. सात जण माझ्यावर अवलंबून होते, आधीचे 36,000 अडकलेले होते, पंधरा-अठरा मिनिटं हातात होती. ही कारणं खरी आहेत आणि त्या क्षणी ती पुरेशी वाटली. पण यूपीआय हे नाव पिनच्या आधी दाखवतं ते वाचून थांबण्यासाठीच.

दुकान कशाला, हे नंतर कळलं. दुकानाच्या क्यूआरवर आलेली रक्कम विक्री म्हणून दिसते. दुकानदार थोडे टक्के कापून गल्ल्यातली रोकड प्रमोटरला देतो. प्रमोटरच्या खात्यात एक रुपयाही येत नाही. 18 तारखेचे 36,000 देखील त्याच दुकानात गेले होते. तेव्हा मी नाव बघितलंच नव्हतं.

क्लबचं टेबल खरं असेल तर त्याला टेबल क्रमांक असतो आणि क्लबच्या अधिकृत ईमेलवरून किंवा बुकिंगच्या यंत्रणेतून पुष्टी येते. त्यात किमान खर्च किती, कव्हर किती, किती वाजेपर्यंत वापरायचं, हे लिहिलेलं असतं. व्हॉट्सॲपवर आलेला रंगीत गोलांचा नकाशा, त्यातल्या एका गोलावर तुमचं नाव, हा पुरावा नाही. तो कुणीही मोबाईलवर बनवतो. क्लबच्या गुगल नोंदीवरचा लँडलाइन लावा, टेबल क्रमांक सांगा, कुणाच्या नावावर आहे विचारा. 31 तारखेला तो फोन कुणी उचलत नाही, म्हणून आधीच्या आठवड्यात, दुपारी चारच्या सुमारास लावा. तेव्हा माणसं मोकळी असतात.

गेटवर आम्ही 11 वाजून 10 मिनिटांनी पोहोचलो. ही दुसरी चूक, आणि ती मुद्दाम करवून घेतलेली. 'दादा, साडेदहाच्या आधी गर्दी नसते, अकराला या' असं तोच सांगतो. मध्यरात्रीला पन्नास मिनिटं राहिलेला माणूस भांडून परत जात नाही, दुसरा क्लबही शोधत नाही, ओला-उबर तर मिळतच नाही. मागे रांग, पुढे बाउन्सर. तिथे सांगितलं की रेशो, म्हणजे पुरुष-बायकांचं प्रमाण, बसत नाही, पाच पुरुष आणि तीन बायका म्हणजे दोन स्टॅग (जोडीशिवायचे पुरुष) जास्त, माणशी 3,500. 7,000 रोख घेतले. पावती नाही. गेटवर रोख देऊ नका. द्यावीच लागली तर पावती मागा, आणि पावती देत नसतील तर देणाऱ्या-घेणाऱ्याचा व्हिडिओ साथीदाराला काढू द्या. आम्ही काढला नाही.

आत टेबल नव्हतं. मनगटाला निळा पट्टा बांधला. टेबलवाल्यांचा सोनेरी असतो हे आत गेल्यावर दिसलं. मॅनेजर म्हणाला, "सर, तुमची एंट्री स्टँडिंगची आहे." प्रमोटरचा फोन लागत होता, उचलला जात नव्हता. साडेबारानंतर लागायचाही बंद झाला.

एवढ्यावर भागलं असतं तरी चाललं असतं. बिल बघा. मद्याचे 18,400, खाण्याचे 6,250, एकूण 24,650. त्यावर दहा टक्के सेवा शुल्क 2,465. मद्यावर 10 टक्के व्हॅट 1,840, तो बरोबर आहे, महाराष्ट्रात परमिट रूममधल्या मद्यावर नोव्हेंबर 2023 पासून 10 टक्केच आहे. मग शेवटची ओळ: जीएसटी 18 टक्के, 4,437 रुपये, आणि तोही पूर्ण 24,650 वर. पिण्याच्या मद्यावर जीएसटी लागतच नाही. तो कायद्यानेच जीएसटीच्या बाहेर आहे. खाण्यावर साध्या रेस्टॉरंटात 5 टक्के, म्हणजे 312 रुपये 50 पैसे. 18 टक्के लागतो तो महागड्या खोल्यांच्या हॉटेलांमधल्या रेस्टॉरंटात, आणि हा क्लब हॉटेलात नव्हता. जादा घेतलेला कर 4,124 रुपये 50 पैसे. बिल झालं 33,392. आठ जणांची 12,000 ची कुपनं वजा जाऊन खिशातून 21,392 गेले.

सेवा शुल्काबद्दल लोकांच्या मनात गोंधळ आहे, म्हणून सांगतो. जुलै 2022 मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ते बिलात आपोआप लावू नका असं सांगितलं, त्यावर दिल्ली उच्च न्यायालयाची स्थगिती आली, आणि 28 मार्च 2025 ला त्याच न्यायालयाने प्राधिकरणाची मार्गदर्शक तत्त्वं योग्य ठरवली. आमच्या रात्री स्थगिती होती. आता नाही. 'काढून टाका' म्हणा. हुज्जत घातली तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन 1915 चा उल्लेख करा.

कुपनांचं आणखी एक. आमची कुपनं साडेबारानंतर चालणार नव्हती, हे पाठीमागे इतक्या बारीक अक्षरात छापलं होतं की अंधारात वाचता येणं शक्य नाही. 31 तारखेला बारना पहाटे पाचपर्यंत परवानगी होती, तरी कुपन साडेबाराला संपतं. आणि कुपनावरचं पेय 30 मिलीचं, ते मागताना कुणी सांगत नाही. बाटली घेत असाल तर सील तुमच्यासमोर फोडायला लावा. 750 मिलीच्या बाटलीत 60 मिलीचे साडेबारा पेग बसतात. आठव्या-नवव्या पेगला बाटली रिकामी झाली तर विचारा की पेग मेजर कुठाय.

52,000 अधिक 7,000 अधिक 4,124.50 अधिक सेवा शुल्काचे 2,465. बेरीज 65,589 रुपये 50 पैसे. हे पैसे माझे एकट्याचे नव्हते. सात जणांना तोंड दाखवताना काय वाटलं ते लिहीत नाही.

आता यंत्रणा. 1 जानेवारीला दुपारी क्लबच्या हद्दीतल्या पोलीस ठाण्यात गेलो. पहिला प्रश्न: "आत सोडलं ना तुम्हाला? मग फसवणूक कसली?" दुसरा: "पैसे तुम्हीच पाठवलेत ना?" मग 'हा व्यवहाराचा वाद आहे, दिवाणीत जा'. मग 'पैसे तुमच्या घरून पाठवलेत, तुमच्या हद्दीत जा'. आमच्या हद्दीत सांगितलं, घटना क्लबात घडली, तिकडे जा. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 173 प्रमाणे हद्द कुठलीही असो, माहिती नोंदवून घ्यावी लागते. हे कलम मी छापून नेलं होतं. हवालदारांनी कागद बाजूला ठेवला आणि चहा सांगितला. भारतीय न्याय संहितेचं 318 वं कलम फसवणुकीचंच आहे आणि खोट्या वचनावर पैसे द्यायला लावणं हीच फसवणूक, हे मी त्यांना समजावून सांगायचं?

1930 वर, म्हणजे सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर, फोन केला तो त्याच दिवशी संध्याकाळी. ही चूक माझी. 30 तारखेला रात्री, निदान 31 तारखेला टेबल नाही हे कळताक्षणी करायला हवा होता. 1930 चा उपयोग पैसे खात्यात असेपर्यंत. तेवढ्यात तक्रार पोहोचली तर बँक रक्कम गोठवू शकते, रोकड झाल्यावर कुणी काही गोठवू शकत नाही. बँकेचं उत्तर एका ओळीचं: ग्राहकाने स्वतः अधिकृत केलेला व्यवहार. ग्राहक हेल्पलाइनवर क्लबनं कळवलं की 'आमच्याकडे आठ प्रवेशांची नोंद आहे, प्रवेश दिला आहे', आणि तक्रार निकाली निघाली. उत्पादन शुल्क विभागाने सांगितलं, आमचा संबंध परवान्याशी, टेबलाशी नाही.

आणि ते दुकान! पाटी आहे, शटर आहे, बँक खातं आहे, माझ्या पावतीवर त्याचं नाव आणि व्यवहार क्रमांक आहे. एक शिपाई पंधरा मिनिटं तिथे जाऊन 'हे 72,000 कशाच्या विक्रीचे, बिल दाखवा' एवढं विचारू शकला असता. अकरा महिने कुणी गेलं नाही. ठाण्यात विचारलं की 'बंदोबस्तात होतो'. गणपतीत बंदोबस्त, निवडणुकीत बंदोबस्त, मग पुन्हा 31 डिसेंबरचा बंदोबस्त, आणि तो बंदोबस्त याच क्लबांच्या बाहेर.

सोन्यासारखी गोष्ट एकच केली, चॅट पुसलं नाही. 'टेबल, फुल कव्हर, 8 पॅक्स' (म्हणजे आठ माणसं) असं त्याच्याच हातचं लिहिलेलं आहे. फोनवर बोलणाऱ्याला नंतर लिहून पाठवायला लावा, 'दादा, जे बोललात ते मेसेज करा'. करत नसेल तर पैसे देऊ नका. ठाण्यानं दाद दिली नाही तर कलम 173 च्या पोटकलम 4 खाली लेखी तक्रार पोलीस उपायुक्तांना रजिस्टर पोस्टानं पाठवा. पोचपावती पुढे न्यायालयात लागते. ती आम्ही फेब्रुवारीत पाठवली.

गर्दीचा मुद्दा पैशांपलीकडचा आहे. प्रमोटरांनी असे पास विकले की आत किती माणसं शिरली याचा हिशोब गेटवरच्या मोजणीतही बसत नाही. आमच्या आसपास पाऊल ठेवायला जागा नव्हती आणि मागच्या दारासमोर खोके रचले होते. त्याच परळ भागात, कमला मिलमध्ये, 29 डिसेंबर 2017 ला आगीत 14 माणसं गेली. आत गेल्यावर टेबल शोधण्याआधी बाहेर पडायचं दुसरं दार कुठे आहे आणि ते उघडतं का, ते बघा.

आता आमचं प्रकरण जिल्हा ग्राहक आयोगात आहे, ई-जागृती या ग्राहक आयोगांच्या ऑनलाइन पोर्टलवरून दाखल केलं. पाच लाखांपर्यंतच्या रकमेला शुल्क नाही, वकील सक्तीचा नाही, आणि तुम्ही राहता त्या जिल्ह्यात दाखल करता येतं. मुदत दोन वर्षं. क्लब आणि प्रमोटर, दोघांनाही प्रतिपक्ष केलंय, कारण क्लबची यादी त्यानं भरली आणि क्लबनं ती मानली. ज्यांनी गेल्या 31 डिसेंबरला अशाच दुकानाच्या क्यूआरवर पैसे भरले असतील, त्यांच्या हातात अजून वेळ आहे.

काल एका ग्रुपवर यंदाचं पोस्टर आलं. नंबर नवा आहे. भाव 84,000, आठ जणांसाठी, फुल कव्हर.