फाळणी की संघराज्य? पॅलेस्टाईनचे १९४७चे दोन आराखडे

पॅलेस्टाईनवरच्या वादविवाद स्पर्धेत बाजू निवडायची असेल, तर आजच्या बातम्या जरा बाजूला ठेवा आणि १९४७चा अहवाल काढा. तेव्हा पॅलेस्टाईन ब्रिटिश अमलाखाली होतं, आणि त्याचं पुढे काय करायचं हे सुचवायला संयुक्त राष्ट्रांनी नेमलेल्या अकरा देशांच्या समितीने एक नाही, दोन आराखडे दिले होते. दुसरा फारसा कुणी वाचत नाही.

सात देशांचा आराखडा फाळणीचा: एक अरब राज्य, एक ज्यू राज्य, आर्थिक व्यवहार सामाईक, जेरुसलेम आंतरराष्ट्रीय देखरेखीखाली. भारत, इराण आणि युगोस्लाव्हिया यांचा आराखडा संघराज्याचा: देश एक, राजधानी जेरुसलेम, आत दोन घटक राज्यं. ऑस्ट्रेलियाने कुणाचीच बाजू घेतली नाही. भारताकडून होते लाहोर उच्च न्यायालयाचे न्यायाधीश सर अब्दुर रहमान. अहवाल तयार झाला ऑगस्टच्या अखेरीस. तोवर लाहोर पाकिस्तानात गेलं होतं. फाळणी नको म्हणणाऱ्याच्या पायाखालीच फाळणी झालेली!

अल्पसंख्याकांच्या कसोटीवर फाळणी लंगडी पडते. समितीच्या हिशेबाने ज्यू राज्यात सुमारे ४,९८,००० ज्यू आणि ४,०७,००० अरब येणार होते. देशभरात दोनतृतीयांश असलेले अरब, रेघ ओढताच तिच्या एका अंगाला अल्पसंख्य. संघराज्यात दोन सभागृहं: एकात लोकसंख्येनुसार जागा, दुसऱ्यात दोघांना सारख्या, आणि कायद्याला दोन्हीकडे बहुमत हवं. कागदावर हीच रचना मला उजवी वाटते.

तिची दुखरी नस म्हणजे स्थलांतर. ज्यू घटक राज्यात किती माणसं सामावतील, याचा अंदाज नऊ जणांचं मंडळ बांधणार: तीन अरब, तीन ज्यू, तीन संयुक्त राष्ट्रांचे. प्रवेशाची हमी मात्र तीनच वर्षांची. आणि १९४७च्याच जुलैमध्ये समितीचे अध्यक्ष, स्वीडनचे एमिल सँडस्ट्रॉम, हैफा बंदरावर उभे होते. समोर 'एक्झोडस' जहाजावरचे सुमारे साडेचार हजार ज्यू निर्वासित उतरवून ब्रिटिश सैनिक त्यांना दुसऱ्या जहाजांवर चढवत होते, परत युरोपात धाडायला. छळछावणीतून वाचलेल्या माणसाला 'मंडळ ठरवेल' हे कुठल्या तोंडाने सांगायचं?

बाहेरच्या पाठबळाचा हिशेब तर एकतर्फीच. पॅलेस्टिनी अरबांचं नेतृत्व करणाऱ्या अरब उच्च समितीने चौकशीवर बहिष्कार टाकला, तिला दोन्ही आराखडे नामंजूर. तिथल्या ज्यूंची प्रतिनिधी संस्था असलेल्या ज्यू एजन्सीला फाळणी चालत होती, संघराज्य नाही. एकाच द्विराष्ट्रीय देशासाठी बोलणारे हिब्रू विद्यापीठाचे ज्यूडा मॅग्नेस यांच्यासारखे मूठभरच. फाळणीमागे मात्र अमेरिका आणि सोव्हिएत युनियन, दोघंही! २९ नोव्हेंबरला संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेत फाळणीच्या ठरावावर मतदान: ३३ विरुद्ध १३, तटस्थ १०. भारत विरोधात. संघराज्यावर सही करणारा युगोस्लाव्हिया तटस्थ. मे १९४८मध्ये इस्रायलची घोषणा झाली आणि अमेरिकेची मान्यता काही मिनिटांत आली. इस्रायलला शस्त्रं आली चेकोस्लोव्हाकियातून. ठरावातलं अरब राज्य कागदावरच राहिलं.

तेव्हा स्पर्धेचा विषय नीट वाचा. 'काय अमलात येऊ शकत होतं' असा असेल, तर फाळणीची बाजू सोपी. अल्पसंख्याकांचे हक्क हा विषय असेल तर संघराज्य घ्या. इस्रायलमधल्या अरब नागरिकांचा दाखला हाताशी आहे: बहुतेकांवर १९६६पर्यंत लष्करी अंमल, आणि २०१८च्या कायद्यात राष्ट्रीय स्वयंनिर्णयाचा हक्क फक्त ज्यूंना. मी हीच बाजू घेईन. मात्र समोरचा पहिला प्रश्न हैफा बंदराचा विचारेल, आणि दुसरा असा, की संघराज्य सुचवणारा, स्वतःही संघराज्यच असलेला युगोस्लाव्हिया आज नकाशावर दाखवा.