क्लिनजेनचा जनुक-क्युरेशन इंटरफेस : उंदरांचा आणि पेशींचा पुरावा नोंदवताना

कोणतं जनुक कोणत्या आजाराला कारण ठरतं, याचा पुरावा तपासून गुण देणारा प्रकल्प म्हणजे क्लिनजेन. त्याचा हा इंटरफेस नोंदीचं साधन म्हणून चोख. प्रत्येक पुरावा शोधनिबंधाच्या पबमेड (वैद्यकीय निबंधांची सूची) क्रमांकाखालीच जातो, त्यामुळे ‘कुठंतरी वाचलं होतं’ इथं खपत नाही. प्राणी-मॉडेलच्या (जनुक बदलून आजार उमटवलेला प्राणी) फॉर्ममध्ये जनुकात केलेला बदल, माणसातली लक्षणं आणि प्राण्यातली लक्षणं वेगवेगळ्या रकान्यांत भरायची. खरी गंमत इथंच: दोन्ही याद्या समोरासमोर आल्या की साम्य किती तोकडं आहे ते लगेच उघडं पडतं.

मूळ गुण ठरलेले आहेत. प्राणी-मॉडेलला २, पेशी-मॉडेलला १. मॉडेल आणि रेस्क्यू (जनुकाची चांगली प्रत दिल्यावर बिघाड सुधारणं) मिळून कमाल ४, सगळा प्रायोगिक पुरावा कमाल ६. कमी-जास्त करता येतात, पण कारण लिहून.

हमखास गल्लत होते ती पेशींच्या बाबतीत. एचईके२९३ पेशींत (प्रयोगशाळेत वाढवलेल्या मानवी पेशी, रुग्णाच्या नव्हेत) प्रथिनाचं काम बिघडलेलं दिसलं, तर तो ‘कार्यातला बदल’, ०.५ गुण. आजाराचं लक्षणच पेशीत उमटलं तर मॉडेल. आजार प्रभावी वारशाचा (जनुकाची एकच प्रत बिघडली तरी होणारा) आणि उंदराच्या मात्र दोन्ही प्रती काढलेल्या, तर पूर्ण २ देऊ नका. झेब्राफिशमध्ये मॉर्फोलिनो (जनुकाचं काम तात्पुरतं दाबणारा रेणू) वापरलेला असेल तर हात आणखी आखडता. त्याचा परिणाम भलत्याच जनुकांवरही होऊ शकतो. हा विवेक सॉफ्टवेअर शिकवत नाही.

आणि माणसातला पुरावाच नसेल, तर उंदरांच्या कितीही नोंदी करा, जनुक ‘मर्यादित’ या तुटपुंज्या पुराव्याच्या वर्गातही बसत नाही.