पेरूच्या बिया काढून देणाऱ्या मावशींची फ्रूट डिश

फ्रूट सॅलड म्हटलं की आमच्या घरात अजून कस्टर्डच डोळ्यांसमोर येतं. मला हवी होती नुसती ताजी फळं, वर लिंबू आणि चिमूटभर पादेलोण. ती मिळाली सदाशिव पेठेतल्या एका हातगाडीवर. गाडीला नाव नाही, पत्र्यावर ‘फ्रूट डिश’ एवढंच रंगवलंय. फेब्रुवारीत पाच-सहा वेळा जाऊन आले, मगच लिहायला बसले.

मावशी पहाटे गुलटेकडीच्या मार्केट यार्डातून माल आणतात. गाडीवर कापून ठेवलेलं काहीही नसतं. आपण सांगितलं की मग सुरी हातात घेतात. मी तिथे जाते ती यासाठीच. जानेवारीत एका ठिकाणाहून मोबाइलवर फ्रूट बोल मागवला होता, 180 रुपयांचा. झाकण उघडलं तर तळाशी बोटभर पाणी, कलिंगडाच्या फोडी लिबलिबीत, सफरचंद तांबूस पडलेलं. मीठ-मसाला आधीच घालून ठेवला होता, मग दुसरं काय होणार? मावशी मीठ सगळ्यात शेवटी घालतात. ‘‘मीठ लागलं की पाणी सुटतं ताई. डिश हातात घ्या, मग टाकते.’’ लिंबू मात्र पेरू आणि सफरचंद चिरल्याबरोबर पिळतात, त्यामुळे फोडी काळ्या पडत नाहीत.

डाळिंब सोलताना त्यांचा हात बघत राहावा. सोलापूरकडचा ‘भगवा’ वाण असतो. आडवा कापायचा, अर्धं पालथं तळहातावर धरायचं आणि वरून सुरीच्या मुठीने ठोकायचं. दाणे बोटांच्या फटीतून परातीत पडतात, पांढरा पापुद्रा सालीलाच राहतो.

एकदा सासूबाईंना घेऊन गेले. त्यांना पेरू प्राणप्रिय, पण कवळीत बिया अडकतात म्हणून दोन वर्षं खाल्लाच नव्हता. मी ‘पेरू नको’ म्हणाले तेव्हा मावशींनी त्यांच्याकडे पाहिलं. ‘‘का आजी, आवडत नाही?’’ कारण कळल्यावर पिकलेला सरदार पेरू निवडला, चार फाका केल्या, चमच्याने बियांचा गर कोरून काढला आणि नुसती कड पातळ चिरून दिली. जास्तीचे पैसे घेतले नाहीत. सासूबाई घरी येईपर्यंत त्या पेरूबद्दलच बोलत होत्या. (हा सरदार म्हणजे लखनौ-49, नावात लखनौ असलं तरी आपल्या गणेशखिंडीतच निवडलेला वाण.)

तक्रारी दोन. न सांगता चाट मसाला भरपूर पडतो, संत्र्याची चव त्यात दबून जाते. ‘फक्त पादेलोण आणि जिरेपूड’ असं आधीच सांगायचं. आणि द्राक्षं दोनदा आंबट निघाली. 60 रुपयांच्या डिशमध्ये ती जागा पपईला दिली तर बरं.

घरी करून बघायचं असेल तर माझी चूक करू नका. मी मावशींसारखा अननस चिरला, वर दही घातलं आणि तासभर फ्रिजमध्ये ठेवला. सगळं कडू! न शिजवलेल्या अननसातलं पाचक द्रव्य दूध-दह्यातली प्रथिनं फोडतं, त्याने हा कडवटपणा येतो. अननस साखरेत शिजवून, गार करून मग मिसळला तर असं होत नाही. दही-क्रीम नसेल तर कच्चाच छान. आता मी संत्रं, डाळिंब आणि पेरू घेते, वर पुदिन्याची चार पानं हाताने चुरडून.

संध्याकाळी चार ते सात ही वेळ बरी, नंतर निवडीची फळं संपतात. बसायला जागा नाही. घरी न्यायचं असेल तर स्वतःचा डबा न्या. मावशी फळं भरून देतात आणि पादेलोणाची पुडी वेगळी बांधतात.