जुन्या घरांत उतरताना शिशाच्या रंगाची तपासणी: काही महिन्यांच्या वापरानंतर

रांगतं किंवा नुकतं चालायला लागलेलं मूल घेऊन कोकणात, गोव्यात, माथेरानला जुन्या घरांत मुक्काम करणाऱ्या आईबापांसाठी हे लिहितेय. आम्हाला हॉटेलपेक्षा असली घरं आवडतात: माडी, पडवी, गजांच्या खिडक्या. मुलगी मात्र दिसेल ते तोंडात घालायच्या वयाची. त्यामुळे रंगातलं शिसं ओळखणारी दोन प्रकारची किट भावाकडून परदेशातून मागवून घेतली आणि गेले कित्येक महिने जिथे जाऊ तिथे वापरली. एक काड्यांचं, दुसरं फवारा आणि अतिनील टॉर्चचं.

आधी एक गोष्ट सांगते, कारण परदेशी माहिती वाचून इथे गल्लत होते. अमेरिकेत घरगुती रंगातल्या शिशावर १९७८ साली बंदी आली, म्हणून तिथे 'जुनं घर' म्हणजे १९७८ पूर्वीचं. आपल्याकडे ९० पीपीएमची (रंगाच्या दहा लाख भागांत शिशाचे ९० भाग) मर्यादा घालणारा नियम २०१६ चा, आणि तो लागू झाला १ नोव्हेंबर २०१७ पासून. म्हणजे २०१० साली बांधलेल्या बंगल्याच्या खिडकीचे पिवळेधमक गजही संशयितच. आणि उलट, दीडशे वर्षांच्या घराची भिंत नुसत्या चुन्याची असेल, तुळयांना जवसाचं तेल दिलेलं असेल, तर तिथे काहीच न सापडण्याची शक्यता जास्त. माझा अनुभवही तोच: चुन्याच्या भिंती, तेल दिलेलं सागाचं लाकूड, मातीची जमीन यांनी कधी रंग दाखवला नाही. जे सापडलं ते सगळं ऑइलपेंटमध्ये. दारं, चौकटी, गज, जिन्याचे कठडे. पणजीच्या फोंताइन्यशमध्ये रंगीत भिंतींकडे बघून मला धाकधूक होती, पण आम्ही उतरलो त्या घरात भिंती स्वच्छ निघाल्या आणि हिरव्या झडपांनी मात्र लगेच खूण दाखवली.

आता काड्या. यांत ऱ्होडिझोनेट नावाचं रसायन असतं. काडीच्या पोटातल्या दोन काचेच्या कुप्या बोटांनी दाबून फोडायच्या, हलवायचं, टोकावर पिवळसर थेंब आला की पृष्ठभागावर अर्धा मिनिट घासायचं. शिसं असेल तर टोक गुलाबी ते लाल होतं. वापरायला सोपं, अंधार लागत नाही, पिशवीत कुठेही मावतं. त्रास असा की लाल किंवा गुलाबी रंगाच्या दारावर मूळ रंगच टोकाला लागतो आणि काही कळत नाही. प्लास्टर ऑफ पॅरिस किंवा जिप्समची धूळ मध्ये आली तर शिसं असूनही काडी गप्प बसू शकते. शिशाच्या क्रोमेट संयुगाचे पिवळे-केशरी रंग तर खूप सावकाश उत्तर देतात, काही तास थांबावं लागतं. म्हणून 'नाही' आलं की सोबतच्या, शिसं लावलेल्या पडताळणीच्या कार्डावर तीच काडी टेकवून बघायची. तिथेही लाल झाली नाही तर ती काडीच निकामी. या प्रकारातलं सगळ्यांना माहीत असलेलं थ्रीएम कंपनीचं लेडचेक २०२३ मध्ये बंद झालं, तेव्हा जुना साठा स्वस्तात मिळाला तरी तारीख बघून घ्या.

फवाऱ्याचं तंत्र नवीन आहे. ॲम्स्टरडॅमच्या अमॉल्फ या संशोधन संस्थेतून ते पुढे आलं. अल्कोहोलमध्ये विरघळवलेलं मिथाइल अमोनियम ब्रोमाइड शिशाला भेटलं की पेरोव्स्काइट नावाचे बारीक स्फटिक तयार होतात आणि ३६५ नॅनोमीटरच्या टॉर्चखाली झगझगीत हिरवे दिसतात. फवारण्याआधी त्याच जागेवर एकदा टॉर्च मारून बघायची सवय लावून घ्या. साबणातलं झळाळी आणणारं रसायन, कागद, काही प्लॅस्टिक आपापलं उजळतात, बहुतेक निळसर. फवाऱ्यानंतर नव्याने जे हिरवं उमटतं तेच आपल्या कामाचं. या पद्धतीचं मोठं बळ म्हणजे ती *जागा* दाखवते. काडी फक्त 'आहे' म्हणते. टॉर्चखाली नेमकी कुठली कड, कुठली भेग, कुठली धूळ हे डोळ्यांनी दिसतं.

गुहागरजवळच्या एका घरात हे फार स्पष्ट कळलं. खोलीतल्या खिडकीचा रंग वरून छान, ताजा, पांढरा. फवारलं, काही नाही. मग झडप जिथे चौकटीला घासते त्या खाचेत फवारलं, तर पूर्ण खाच हिरवी. खालच्या फळीवर साचलेल्या धुळीतही ठिपके ठिपके. वरचा थर नवा, पण रोजच्या उघडझापीने खालचा जुना थर भुकटी होऊन खाली पडत होता. आणि ती फळी बरोबर मुलीच्या हाताच्या उंचीवर. घरच्या काकू शेजारी उभ्या होत्या. "अगं, हा रंग तर यजमान होते तेव्हाचा, वरून दोनदा मारलाय," म्हणाल्या.

यातूनच माझं मत पक्कं झालं. भिंतीत, थरांखाली शिसं दडलंय का, हा प्रवाशाचा प्रश्नच नव्हे. ते नीट तपासायचं तर लाकडापर्यंत सगळे थर कापून बघावं लागतं, नाहीतर एक्सआरएफ, म्हणजे क्ष-किरणांनी थरांखालचं शिसं मोजणारं यंत्र आणावं लागतं. लोकांच्या दाराला आपण चाकू लावणार नाही, लावूही नये. आपला प्रश्न एवढाच: ते सुटून बाहेर येतंय का, आणि मुलाच्या हातापर्यंत पोचतंय का. म्हणून घासणाऱ्या जागा बघा. खिडकीची खाच, दाराची बिजागरीकडची कड, उंबरठा, जिन्याच्या पायऱ्यांचे काठ, पोपडे सुटलेला कोपरा, मुलं धरतात ते गज. धड, घट्ट बसलेला जुना रंग दोन दिवसांच्या मुक्कामात मला घाबरवत नाही.

गंजाच्या रंगाच्या लोखंडी फाटकांवर लोक विचारतात. रेडऑक्साइड हे लोहाचं, त्यात शिसं असायचं कारण नाही. पण जुन्या लोखंडाला रेड लेड, म्हणजे शेंदरी प्रायमर, दिलेला असू शकतो. मारुतीच्या मूर्तीला लावतात तो पारंपरिक शेंदूरही शिशाचाच, त्यामुळे देवळाच्या ओट्यावर मुलीचे हात धुतल्याशिवाय मी खाऊ देत नाही.

फवाऱ्याच्या उणिवाही आहेत. ओल्या जागेवर ती चमक टिकत नाही, पाणी त्या स्फटिकांना मोडतं. आषाढात कोकणात फळी आधी कोरडी पुसून घ्यावी लागली आणि तरीही निकालावर माझा फारसा भरवसा बसला नाही. द्रव ज्वलनशील आहे, त्यामुळे विमानाने जाताना फक्त काड्या नेते. हातमोजे घालायचे, मूल दुसऱ्या खोलीत ठेवायचं. आणि हे सूचनापत्रात बारीक अक्षरांत असलं तरी महत्त्वाचं: तपासलेली जागा लगेच ओल्या फडक्याने पुसा, कारण या रसायनाने शिसं आणखी विरघळण्याजोगं होतं. ते फडकं टाकून द्या, धुऊन पुन्हा वापरू नका.

खूण दिसली म्हणून आम्ही मुक्काम सोडत नाही. साबणाच्या पाण्याने खाच, फळी आणि खालची जमीन पुसतो, कोरडा झाडू मारत नाही, ती खिडकी बंद ठेवतो, अंथरूण दूर सरकवतो, खाण्याआधी हात धुतो. फक्त एकदा उठून गेलो. गणपतीच्या आधी घराची रंगरंगोटी चालू होती आणि कारागीर जुनी चौकट पॉलिश पेपरने कोरडीच घासत होते, बारीक पांढरी धूळ ओटीभर. अशा ठिकाणी किट काढायचीसुद्धा गरज नाही. घरमालकांना हे आवर्जून सांगा: कोरडं घासू नका, दिव्याने जाळून रंग काढू नका, ओलं करून घासा. गुहागरच्या काकूंना सांगितलं तेव्हा त्यांनी आधी विचारलं ते त्यांच्या नातवाबद्दल.

किट मुलाच्या रक्तातलं काही सांगत नाही. शंका असेल तर बालरोगतज्ज्ञांना शिरेतून घेतलेल्या रक्ताची शिशाची तपासणी विचारा. डेसीलिटरला ५ मायक्रोग्रॅम किंवा त्याहून जास्त आलं तर शिसं कुठून येतंय ते शोधा, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. अमेरिकेच्या सीडीसी या सरकारी आरोग्य संस्थेने २०२१ पासून आपला आकडा ३.५ वर आणलाय. युनिसेफ आणि प्युअर अर्थ ही संस्था यांच्या २०२० च्या अहवालात भारतातली सुमारे २७.५ कोटी मुलं ५ च्या वर होती. त्यात रंगाखेरीज बॅटऱ्या, मसाले, भांडी हे सगळं येतं, पण हा आकडा वाचल्यापासून मला ही तपासणी कोणी फाजील म्हटलं तरी चालतं.

एकच घ्यायचं तर फवारा घ्या, टॉर्च ३६५ चीच बघून. पावसाळ्यात जास्त फिरत असाल किंवा विमानाने जात असाल तर काड्या. दोन्हींपैकी कुठलंही आधी आपल्या घरच्या ग्रिलवर वापरून बघा.