साध्या मॉनिटरला टच किट बसवताना झालेली फसवणूक

साधा मॉनिटर बोटाने चालवता यावा म्हणून वेगळे टच किट मिळते आणि मापात बसणारे, चांगले किट घेतले तर ते नीट कामही देते, हे आधीच स्पष्ट करते. माझी तक्रार त्या वस्तूबद्दल नाही. एका प्रकारचे किट सांगून दुसऱ्याच प्रकारचे, तेही चुकीच्या मापाचे, ग्राहकाच्या गळ्यात मारणाऱ्या विक्रेत्याबद्दल आहे.

नागपूरच्या मानेवाडा भागात आमचे फराळाच्या पदार्थांचे छोटे दुकान आहे. भट्टीवर यजमान, वजनकाट्यापाशी मी आणि गल्ल्यावर सासूबाई, अशी कामाची वाटणी आहे. सासूबाई मोबाइल सफाईने वापरतात, पण माउस त्यांच्या हाताला जमत नाही, म्हणून बिलाच्या साडेएकवीस इंची मॉनिटरला टच किट बसवायचे ठरले. सीताबर्डीतील एका विक्रेत्याने इन्फ्रारेड चौकटीचे, एका वेळी दहा बोटे ओळखणारे किट ६,५०० रुपयांत बसवून देण्याचे व्हॉट्सॲपवर लिहून कबूल केले, पूर्ण रक्कम आगाऊ एका व्यक्तीच्या खात्यावर यूपीआयने घेतली आणि पक्के बिल मागितल्यावर ‘टच किट, फिटिंगसह’ एवढाच मजकूर असलेली, जीएसटी क्रमांक नसलेली चिठ्ठी हातात दिली.

इन्फ्रारेड किट म्हणजे पडद्याभोवती बाहेरून बसणारी चौकट असते. तिच्या दोन बाजूंना डोळ्याला न दिसणाऱ्या प्रकाशाचे दिवे आणि समोरच्या दोन बाजूंना तो प्रकाश टिपणारे घटक असतात. बोट मध्ये आले की आडवे-उभे किरण अडतात आणि त्यावरून जागा ठरते. यासाठी मॉनिटर खोलावा लागत नाही. आमच्याकडे आलेल्या कारागिराने मात्र थेट मॉनिटरचे पुढचे कडे काढले आणि आत एक पारदर्शक शीट चिकटवली, जिच्या कोपऱ्यातून चार तारांची चपटी पट्टी बाहेर आली होती. ही जुन्या पद्धतीची रेझिस्टिव्ह शीट होय. तिच्यात दोन वाहक थर असतात, दाबल्यावर ते एकमेकांना टेकतात तेव्हाच स्पर्श कळतो आणि चार तारांच्या साध्या शीटवर एका वेळी एकच बोट चालते. शिवाय ती पडद्याचा उजेडही कमी करते. इन्फ्रारेड चौकट सांगितली असेल आणि कारागीर स्क्रू ड्रायव्हर घेऊन मॉनिटर उघडू लागला, तर तिथल्या तिथे काम थांबवावे. कारण एकदा मॉनिटर उघडला की कंपनीची वॉरंटीही सहसा हातची जाते.

शीट नवी नव्हती. तिच्या कडेला आधीच्या गोंदाचे पिवळे पट्टे होते आणि मागचे लेबल नखाने खरवडलेले असले तरी त्यावर ‘१८.५’ हा आकडा वाचता येत होता. आम्ही टेपने मोजले तेव्हा स्पर्श ओळखणारा भाग सुमारे ४१ सेंटिमीटर रुंद आणि २३ सेंटिमीटर उंच भरला. साडेएकवीस इंची मॉनिटरचा दिसणारा पडदा ४७.६ बाय २६.८ सेंटिमीटर असतो. म्हणजे उजवीकडे साडेसहा आणि खाली जवळपास चार सेंटिमीटरच्या पट्टीवर शीटच नव्हती आणि तिची कड पडद्यावर सरळ रेघेसारखी दिसत होती. त्याबद्दल विचारल्यावर, “ताई, ती लाइन राहतेच, मी सेटिंगमधून बरोबर करून राहिलो ना,” असे उत्तर मिळाले.

ते सेटिंग म्हणजे खरी हातचलाखी होती. कॅलिब्रेशनच्या, म्हणजे बोट आणि माउसचा बाण यांची जागा जुळवण्याच्या वेळी पडद्याच्या कोपऱ्यांत खुणा येतात आणि प्रत्येक खुणेवर नेमके बोट टेकवायचे असते. उजवीकडची खूण शीटच्या बाहेर पडत होती, म्हणून कारागिराने खुणेवर न टेकवता शीटच्या काठावर बोट टेकवले आणि संगणकाला तीच खूण असल्याचे पटवले. त्यामुळे लहान शीट मोठ्या पडद्यावर ताणली गेली. डावीकडे बोट आणि बाण जुळत, पण उजवीकडे सरकावे तसा बाण बोटाच्या पुढे पळे. डावीकडच्या चिवड्याचे बटण ठीक चालल्याने कारागिराने तेच दाबून दाखवले आणि तो निघून गेला. दुकानात गर्दी झाल्यावर मात्र सासूबाईंनी शेवेवर बोट ठेवले की बिलात सांबारवडी चढू लागली. दोन्ही पदार्थांचा भाव वेगळा असल्याने गिऱ्हाइकांसमोर त्यांना जो मनस्ताप झाला, तो मला पैशांपेक्षा अधिक लागला.

किट बसवून घेताना कारागीर समोर असतानाच तपासणी करावी. विंडोजच्या सेटिंगमध्ये सिस्टिमच्या माहितीत ‘पेन अँड टच’ अशी ओळ असते. दहा बोटांचे किट असेल तर तिथे १० टच पॉइंट्स असा उल्लेख येतो. आमच्या संगणकावर टच उपलब्ध नसल्याचे लिहून आले, कारण ती शीट संगणकाला नुसता माउस म्हणून जोडलेली होती. दुसरी तपासणी प्लास्टिकच्या पेनाच्या टोपणाने होते: इन्फ्रारेड चौकट टोपण काचेला टेकण्याआधीच ओळखते, रेझिस्टिव्ह शीट दाबल्यावर ओळखते आणि मोबाइलसारखा कपॅसिटिव्ह पडदा ते ओळखतच नाही. बोट चारही कोपऱ्यांपर्यंत फिरवून पाहावे, मधला भाग पाहून समाधान मानू नये. किट मागवतानाही नुसते इंच सांगू नयेत, दिसणाऱ्या पडद्याची लांबी-रुंदी मिलिमीटरमध्ये लिहून द्यावी. १९ इंची चौकोनी आणि १९ इंची रुंद मॉनिटर यांचे कर्ण सारखे असले तरी किट एकमेकांना बसत नाहीत.

तक्रार केल्यावर विक्रेत्याने ‘ड्रायव्हरचे’ (संगणकाला किट ओळखू देणाऱ्या सॉफ्टवेअरचे) ‘लायसन्स’ म्हणून आणखी १,२०० रुपये मागितले. विंडोज ७ आणि त्यानंतरच्या आवृत्त्यांत प्रमाणित यूएसबी टच किट बहुतेक वेळा वेगळ्या ड्रायव्हरविना चालते, त्यामुळे ही मागणी ऐकताच सावध व्हावे. त्याहून गंभीर गोष्ट म्हणजे, कारागिराने दुरून संगणक हाताळण्याचे सॉफ्टवेअर न विचारता टाकून ठेवले होते आणि त्याला कायमचा पासवर्ड दिला होता. त्याच संगणकावर आमचे बँकेचे व्यवहार होतात. ते सॉफ्टवेअर आम्ही काढले आणि सर्व पासवर्ड दुसऱ्या उपकरणावरून बदलले. अशा मार्गाने कोणाच्या खात्यातून पैसे गेले असतील तर त्यांनी वेळ न दवडता सायबर फसवणुकीच्या १९३० या हेल्पलाइनवर कळवावे.

पैसे परत मागितल्यावर, “दुकानासाठी घेतलेल्या मालाला ग्राहक कायदा लागत नाही,” असे आम्हाला ठासून सांगण्यात आले. हे धादांत खोटे आहे. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ मध्ये, स्वयंरोजगारातून उपजीविका करण्यासाठीच वस्तू घेणारी व्यक्तीही ग्राहक मानली आहे. बिल न देणे ही त्याच कायद्यानुसार अनुचित व्यापारी प्रथा आहे. तसेच सदोष वस्तू बिलावरील मुदतीत आणि मुदत लिहिलेली नसल्यास ३० दिवसांत परत घेऊन पैसे देण्यास नकार देणे हीसुद्धा. आम्ही आधी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली. त्यानंतर विक्रेत्याने, व्हॉट्सॲपवरील संदेश पुसून टाकल्यास निम्मी रक्कम देतो, असा निरोप पाठवला, तो आम्ही नाकारला. आता जिल्हा ग्राहक आयोगाकडे तक्रार दाखल केली आहे. ५ लाखांपर्यंतच्या वस्तूसाठी त्याला शुल्क लागत नाही, वकील सक्तीचा नाही आणि घटनेपासून दोन वर्षांची मुदत असते. यूपीआयची नोंद, व्हॉट्सॲपवरील कबुली, ती चिठ्ठी आणि टेप लावून काढलेली छायाचित्रे आम्ही सोबत जोडली आहेत. शीट मॉनिटरवरून काढलेली नाही, कारण आयोग गरज वाटल्यास वस्तू प्रयोगशाळेत तपासायला पाठवू शकतो. तोपर्यंत गल्ल्यावर दुसरा मॉनिटर आहे आणि बिल मी करते.