फ्रीबीएसडीचा लोडर: एका बूटपुरता बदल

फ्रीबीएसडी ही युनिक्ससारखी संगणक प्रणाली सुरू होताना मेनू दाखवून दहा सेकंदांची उलटी गणती करणारा जो छोटा प्रोग्राम पडद्यावर येतो, त्याच्याकडे बहुतेक जण एंटर दाबण्यापुरतेच पाहतात. मी हा लोडर अनेक वर्षे वापरतो आहे, आणि त्याचा जो गुण मला सर्वांत मोलाचा वाटतो तो असा, की येथे हाताने दिलेला पर्याय त्या एका बूटपुरताच, म्हणजे संगणक एकदा सुरू होण्यापुरताच, लागू होतो. डिस्कवरची कोणतीही फाइल त्याने बदलत नाही. त्यामुळे पर्याय चुकला तरी संगणक पुन्हा सुरू केला की लोडर नेहमीच्या सेटिंगवर परत येतो.

मेनूतला १ हा आकडा नेहमीच्या बूटसाठी, २ सिंगल यूजर मोडसाठी (दुरुस्तीकरिता किमान सेवांसह सुरू होण्यासाठी) आणि ३ लोडरच्या प्रॉम्प्टवर जाण्यासाठी आहे. प्रॉम्प्ट म्हणजे आज्ञा टाइप करण्याची जागा; पडद्यावर नुसते ‘ओके’. तेथे ‘बूट -व्ही’ दिले की कर्नल, म्हणजे प्रणालीचा गाभा, प्रत्येक उपकरण ओळखताना सविस्तर बोलू लागतो, आणि बूट मध्येच अडकत असेल तर पडद्यावरच्या शेवटच्या काही ओळींवरून शोध कोठून सुरू करायचा हे कळते. स्वतः बांधलेला नवा कर्नल बसवल्यावर संगणक उठत नसेल, तर बसवतानाच आधीचा कर्नल ‘कर्नल.ओल्ड’ या नावाने बाजूला ठेवलेला असतो. ‘अनलोड’ आणि त्यामागून ‘बूट कर्नल.ओल्ड’ एवढ्यावर काम भागते. झेडएफएस ही फाइल सिस्टिम वापरणाऱ्यांना मेनूतूनच जुने बूट एन्व्हायर्नमेंट (प्रणालीची आधी जपलेली प्रत) निवडता येते, आणि अपग्रेड फसल्यावर ही सोय किती धीर देते हे ज्याने अनुभवले आहे त्यालाच ठाऊक.

माझा खरा कस लागला तो डिस्क दुसऱ्या पोर्टला जोडली तेव्हा. ‘एडीए०’ असलेली डिस्क ‘एडीए१’ झाली, एफएसटॅबमध्ये, म्हणजे कोणती डिस्क कोठे जोडायची ते सांगणाऱ्या फाइलमध्ये, मात्र जुनेच नाव राहिले, ही चूक पूर्णपणे माझी. कर्नल लोड झाला, रूट, म्हणजे मूळ फाइल सिस्टिम, माउंट करताना (वापरासाठी जोडताना) ‘एरर १९’ अशी ओळ आली आणि ‘माउंटरूट’ हा प्रॉम्प्ट समोर उभा राहिला. या प्रॉम्प्टची रचना मला आजही अनुकरणीय वाटते, कारण उत्तर कोणत्या स्वरूपात द्यायचे हे तो स्वतःच सांगतो: आधी फाइल सिस्टिमचा प्रकार, मग कोलन, मग उपकरण. प्रश्नचिन्ह टाइप केले की सापडलेल्या सर्व डिस्क आणि विभाजनांची यादी मिळते, तर नुसता पूर्णविराम दिल्यास कर्नल एक सेकंद थांबून मागची कामे होऊ देतो, म्हणजे उशिरा जागी होणारी यूएसबी डिस्कही यादीत येऊ शकते. मी मेनूत सिंगल यूजर निवडून पुन्हा बूट केले, प्रॉम्प्टवर ‘यूएफएस:/डेव्ह/एडीए१पी२’ लिहिले आणि आज्ञा देण्यासाठी शेल हाती आला. रूट त्या वेळी फक्त वाचण्यापुरता माउंट झालेला असतो; ‘माउंट -यूडब्ल्यू /’ देऊन तो लिहिण्याजोगा केला आणि एफएसटॅबमधली ओळ दुरुस्त केली. तेव्हापासून मी उपकरणाच्या क्रमांकाऐवजी जीपीटी लेबल, म्हणजे विभाजनाला दिलेले नाव, लिहितो, म्हणजे पोर्ट बदलले तरी नाव तेच राहते.

आता उणिवा. सर्वांत खटकणारी म्हणजे व्हेरिएबलला (सेटिंगच्या नावाला) मूल्य देणारी ‘सेट’ ही आज्ञा कोणतेही नाव निमूट स्वीकारते. व्हेरिएबलच्या नावात एक अक्षर चुकले तरी लोडर तक्रार करत नाही, बूट होतो, आणि पर्याय लागू का झाला नाही हे शोधण्यात वेळ जातो; म्हणून ‘बूट’ म्हणण्याआधी ‘शो’ देऊन व्हेरिएबलच्या यादीवर नजर फिरवणे आवश्यक आहे. दुसरे, माउंटरूटपाशी यूएसबी कीबोर्ड चालेलच याची हमी नाही, आणि नेमक्या त्याच क्षणी तो मुका झाला तर पुढे काहीच करता येत नाही. मेनूची अंमलबजावणी २०१८ मधल्या १२.० आवृत्तीपासून फोर्थ या प्रोग्रामिंग भाषेऐवजी लुआ या भाषेत आली. त्यामुळे तो आपल्या गरजेनुसार बदलणे बरेच सोपे झाले, पण या दोन अडचणी तशाच राहिल्या.

सर्व्हरवर हा लोडर वापरणाऱ्यांनी आणखी एक गोष्ट अवश्य पाहावी. टर्मिनलांची यादी असलेल्या ‘टीटीवायएस’ फाइलमध्ये कन्सोलपुढे (यंत्राला थेट जोडलेला पडदा व कीबोर्ड) ‘सिक्युअर’ लिहिलेले असते, त्याचा अर्थ कन्सोलपाशी बसणारा माणूस विश्वासाचा आहे असा होतो, आणि सिंगल यूजर मोड त्याला पासवर्ड न विचारता रूटचा, म्हणजे सर्वाधिकार असलेल्या वापरकर्त्याचा, शेल देतो. यंत्र इतरांच्या हाताशी असेल तर तेथे ‘इनसिक्युअर’ करावे आणि मग रूटचा पासवर्ड विसरू नये, कारण तो विसरल्यावर सोडवणारी हीच वाट आपण बंद केलेली असते.