बंपरला उकळतं पाणी चालेल, बोनेटला नाही: पोचा काढण्याचे पर्याय

सोसायटीच्या पार्किंगमध्ये रिव्हर्स घेताना खांब लागला, की संध्याकाळपर्यंत फॅमिली ग्रुपवर तीन व्हिडिओ हजर. एकात उकळतं पाणी, दुसऱ्यात हेअर ड्रायर आणि उलटा धरलेला एअर डस्टरचा (कीबोर्डवरची धूळ उडवायच्या फवाऱ्याचा) कॅन, तिसऱ्यात ड्राय आइस, म्हणजे गोठवलेला कार्बन डायऑक्साइड. तिन्हींत शेवटी 'टक्' असा आवाज होतो आणि पोचा गायब! किटली चढवण्याआधी फ्रिजवरचं मॅग्नेट काढून पोच्याशेजारी लावून बघा. चिकटलं तर पत्रा, नाही चिकटलं तर बहुधा प्लास्टिक. काही महागड्या गाड्यांचं बोनेट ॲल्युमिनियमचं असतं आणि आधी जाड पुट्टी भरलेली असेल तिथेही मॅग्नेट नीट धरत नाही. पुढचं सगळं या एका उत्तरावर ठरतं.

प्लास्टिकचा बंपर असेल, तर व्हिडिओवाले बरेचसे खरे आहेत. हल्लीचे बंपर साधारण पॉलिप्रॉपिलीनच्या जातीचे असतात. उकळत्या पाण्याने ते मऊ पडतात आणि साच्यातून निघालेल्या मूळ आकाराकडे परत वळू पाहतात. दोन-तीन किटल्या पाणी सावकाश ओतायचं, जाड हातमोजा घालून मागून दाबायचं आणि आकार आला की लगेच गार पाणी मारायचं. गार पाण्याचं काम एवढंच, की आलेला आकार तिथेच बसावा. मागे हात पोहोचत नसेल तर चाकाच्या बाजूचं लायनर, म्हणजे आतलं प्लास्टिकचं आवरण, सोडवावं लागतं, आणि खरी मेहनत तिथेच आहे. पार्किंग सेन्सर असेल तर तो आत ढकलला जात नाही ना, हे बघा. जिथे प्लास्टिक चिरलंय, धारदार घडी पडलीय किंवा क्लिप तुटल्यात, तिथे पाण्याचा उपयोग नाही. बंपर एकदा रंगवलेला असेल तर वाकताना रंगाचे पापुद्रे निघू शकतात, तेवढी तयारी ठेवा.

पत्र्याचं गणित वेगळं. पोलाद दर अंशाला मीटरमागे सुमारे 12 मायक्रोमीटर पसरतं. म्हणजे 10 सेंटिमीटरचा तुकडा ड्रायरने 60 अंशांनी तापवला, तर वाढ जेमतेम 0.07 मिलिमीटर. घडी पडून ताणलेला पत्रा एवढ्याने जागेवर येणार नाही. मग व्हिडिओत तो 'टक्' कुठून येतो? डब्याचं झाकण मध्ये दाबलं की आत जातं आणि जरा धक्का लागला की बाहेर येतं, तसे काही उथळ, पसरट पोचे असतात. पत्रा ताणलेला नसतो, नुसता अडकलेला असतो. अशा वेळी ड्रायरने जे होतं ते बहुतेकदा सक्शन कपनेही होतं, आणि त्यात रंग तडकायची भीती कमी. ड्राय आइस उणे 78 अंशांवर असतो. उघड्या हाताने धरला तर त्वचा भाजते, आणि बंद गाडीत ठेवला तर कार्बन डायऑक्साइड साठतो. एअर डस्टरमधला वायू पुष्कळदा ज्वलनशील असतो, आणि आपण शेजारीच ड्रायर चालू ठेवलेला असतो. पत्र्यासाठी हे दोन्ही मी तरी करणार नाही.

गरम-गारचा खरा खेळ जुन्या डेंटरकडे असतो. ताणलेल्या पत्र्यावर तो गॅसच्या ज्योतीने छोटा ठिपका लाल करतो आणि ओला कपडा मारतो. भोवतीचा थंड पत्रा त्या ठिपक्याला पसरू देत नाही, म्हणून तो जागीच जाड होतो आणि गार होताना आकसतो. विद्या खरी आहे, पण रंग जळतो आणि पत्र्यावरचा जस्ताचा थरही जातो. म्हणजे हे डेंटिंग-पेंटिंगच्या आतलं काम, पेंटिंग वाचवणारं नव्हे.

पत्र्यासाठी निवड मग दोघांतच उरते. रंग शाबूत आहे, पोचा गोलसर आहे, दरवाज्याच्या मध्यावर किंवा बोनेटवर आहे, तर पीडीआर, म्हणजे रंग न उतरवता आतून सळईने किंवा बाहेरून गोंदाच्या टॅबने ओढून काढणं. गारपिटीने पडलेल्या बारीक पोच्यांना यासारखा उपाय नाही. कंपनीचा मूळ रंग टिकतो, आणि जुनी गाडी विकताना त्याला किंमत असते. कडेवरचा किंवा धारदार घडीचा पोचा असेल, रंग उडाला असेल, तर ठोकून, पुट्टी भरून, पॅनल रंगवणं आलंच. त्यात छटा जुळवणं हीच परीक्षा, विशेषतः सिल्व्हर आणि पर्ल पांढऱ्यात.

विम्याचा क्लेम करायचा मोह होईल. 1500 सीसीपर्यंतच्या गाडीला पहिले 1000 रुपये आणि त्यावरच्या गाडीला 2000 आपल्याच खिशातून जातात. वर नो क्लेम बोनस, म्हणजे क्लेम न केल्याबद्दल प्रीमियमवर मिळणारी सूट, जी पाच वर्षांत 50 टक्क्यांपर्यंत चढते, तोही सहसा शून्यावर येतो. झिरो डेप (सुट्या भागांचा घसारा न कापणारं जादा कव्हर) असलं म्हणून बोनस वाचत नाही. एका पॅनलसाठी आधी कोटेशन घ्या आणि पुढच्या वर्षीच्या प्रीमियमशी ताडून बघा.

रंग फुटून पत्रा उघडा पडला असेल तर पावसाळ्याआधी निदान टचअप लावा, कोकणात राहत असाल तर लगेच. रंग न फुटलेला पोचा मात्र वर्षभर तसाच राहिला तरी पत्र्याचं काही बिघडत नाही. माझ्या डाव्या दरवाज्यावर एक आहे, आणि आता मॉलच्या पार्किंगमध्ये मी त्याच्यावरूनच गाडी ओळखतो.